थकव्याचा हिशेब कोणाच्या माथी?

वैमानिकाच्या पगाराचा आकडा कळला, की त्याच्या कामाच्या परिस्थितीविषयीची चर्चा बहुतेकदा तिथेच संपते. महिन्याला काही लाख मिळवणाऱ्या माणसाने झोपेविषयी तक्रार करावी हे ऐकणाऱ्याच्या पचनी पडत नाही. ज्या देशात असंख्य लोकांना वर्षभर राबूनही तेवढे पैसे दिसत नाहीत, तिथे ते स्वाभाविकही आहे. म्हणून आधीच सांगतो, स्वस्त विमान कंपनीतल्या वैमानिकाचा पगार कमी आहे, असे माझे म्हणणे नाही. निदान कॅप्टनचा तरी तो कमी नाही. या कॉकपिटमध्ये नोकरीची वर्षे काढल्यावर माझे मत बनले आहे ते पगाराच्या रकमेविषयी नव्हे, त्याच्या रचनेविषयी. हा पगार अशा रीतीने बांधलेला आहे की विमानाला उशीर झाला, हवामान बिघडले, रोस्टर कोलमडले, तर त्याचा भार शेवटी दोन माणसांच्या शरीरावर येतो. आणि ‘आज मी उडण्याच्या स्थितीत नाही’ असे म्हणण्याची किंमतही त्यांच्याच खिशातून वसूल होते. सुरक्षिततेची सगळी व्यवस्था ज्या एका नकारावर उभी आहे, तोच नकार महाग करून ठेवणे मला धोकादायक वाटते.

ही रचना बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. कंपनीगणिक तपशील बदलतात, पण सांगाडा साधारण एकच असतो. पगाराचा एक भाग ठरलेला आणि दुसरा, बराच मोठा, उड्डाणाच्या तासांवर अवलंबून. हे तास मोजतात ते ‘ब्लॉक’चे, म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलले तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जाऊन थांबेपर्यंतचे. ड्यूटी मात्र त्याच्या सुमारे तासभर आधी सुरू झालेली असते. हवामान पाहायचे, इंधन ठरवायचे, विमानाच्या तांत्रिक नोंदी वाचायच्या, वाटेतल्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणच्या सूचना तपासायच्या, हे सगळे त्या तासात. मग दोन उड्डाणांच्या मधला अर्धा तास, ज्याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. त्यात प्रवासी उतरतात, नवे चढतात, आणि वैमानिक पुढच्या उड्डाणाची तयारी करता करता जेवणाचा डबा उघडतो. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, असतील तर असे तीन अर्धे तास. पावसाळ्यात मुंबईच्या धावपट्टीवर दृश्यमानता घसरली आणि दार बंद होण्याआधीच विमान गेटवर अडकून बसले, तर तो वेळही ब्लॉकमध्ये धरला जात नाही. अकरा-बारा तासांच्या ड्यूटीत पैसे मोजले जाणारे तास सहा-सात निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. स्वस्त विमानसेवेचे गणितच असे असते की विमान जमिनीवर कमीत कमी आणि हवेत जास्तीत जास्त वेळ राहिले पाहिजे. त्यात गैर काही नाही. पण ते गणित चुकले की त्या चुकीचा खर्च ज्यांच्या वेळेला हिशेबात किंमतच नाही त्यांच्याकडे सरकतो, आणि मग चूक टाळण्याची निकडही आपोआप कमी होते.

याला दुसरी बाजू आहे कर्जाची. बारामती, गोंदिया, धुळे इथल्या प्रशिक्षण संस्थांमधून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरात जातो. त्यावर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, वेगळे. कंपन्यांच्या कॅडेट कार्यक्रमातून गेले तर सगळे मिळून कोटीच्या आसपास. हे पैसे बहुतेक घरांत बँकेकडून येतात, कुठे घर तारण असते, कुठे शेत. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी एक कोटीचे कर्ज घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे एक लाख पस्तीस हजार रुपये बसतो. नव्या को-पायलटच्या हातात येणाऱ्या पगाराचा मोठा वाटा त्यातच जातो, आणि उरलेल्यात मुंबई-दिल्लीचे भाडे भागवायचे असते. पूर्वी प्रशिक्षणाचा बराच बोजा विमान कंपन्या किंवा सरकार उचलत असे. आता कंपनीला लागणारे कौशल्य उमेदवार स्वतःच्या पैशाने विकत घेऊन येतो, शिवाय काही ठिकाणी बॉण्डवर सहीही करतो. अशा माणसाच्या दृष्टीने महिन्याचे पाच-दहा तास बुडणे म्हणजे हप्ता पूर्ण भरणे किंवा न भरणे. पहाटे तीनला गजर वाजतो तेव्हा आपण कितपत झोपलो आहोत याचा विचार तो करतो, पण त्या विचारात बँकही असते.

आता शरीराचे पाहू. रात्री दोन ते सकाळी सहा या काळात माणसाची सावधता सर्वांत खाली जाते. कितीही अनुभव असला तरी हा उतार टळत नाही. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आपल्या शेजारीच घडले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जण गेले. एअर मार्शल गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसले की, कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाचा पहिला एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेला होता आणि झोपेतून उठल्यावरचे जडपण व पहाटेची ती वेळ यांनी त्याचा निर्णय बिघडवण्यास हातभार लावला. को-पायलटने तीनदा पुन्हा वर जाण्यास सुचवले, तरी तो उतरत राहिला. या अपघाताकडे बोट दाखवून कंपनीने माणसाला राबवून मारले असे मी म्हणणार नाही. तो कॅप्टन नुकताच रजेवरून परतला होता, नियमांच्या चौकटीत त्याची विश्रांती पुरी होती. माझ्या दृष्टीने मुद्दा तोच आहे. कागदावर विश्रांती पूर्ण असूनही पहाटेचे उड्डाण माणसाला एवढे खाली खेचत असेल, तर एकामागून एक पहाटे, तुटक झोप आणि रात्रीची अनेक लँडिंग यांचा परिणाम किती होत असेल? तास मोजणारा नियम शरीर कोणत्या वेळी जागे आहे हे मोजत नाही, निदान अगदी अलीकडेपर्यंत पुरेसे मोजत नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला निघण्याच्या तयारीत असलेला इंडिगोचा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. एका माणसाच्या हृदयाने का दगा दिला याचे उत्तर त्याच्या रोस्टरमधून काढणे बेजबाबदारपणाचे होईल, आणि त्या कुटुंबावर अन्यायाचेही. पण त्या घटनेनंतर जी चर्चा उसळली ती मात्र उगाच नव्हती. ती वर्षानुवर्षे क्रू-रूममध्ये दबक्या आवाजात चालू होतीच. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) ड्यूटी आणि विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्यूटीत सहापर्यंत लँडिंग करता येत होती, ती दोनवर आली. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी आणखी वैमानिक लागतील, उड्डाणे कमी करावी लागतील असे सांगितले आणि तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर २०२५ मध्ये १ जुलै व १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली.

पुढे काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर इथे माणसे बॅगांवर बसून रात्र काढत होती. सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५ डिसेंबरलाच रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरता येणार नाही हे कलम मागे घेण्यात आले, आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. या प्रसंगाचा अर्थ अनेकांनी ‘नियम फार कडक होते’ असा लावला. मला तो अर्थ उलटा वाटतो. जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम, तोही टप्प्याटप्प्याने, लागू होताच जर एवढी मोठी व्यवस्था ढासळत असेल, तर तोवर ती उभी होती ती वैमानिकांच्या न मिळालेल्या विश्रांतीवर. नियमाने नवा तुटवडा निर्माण केला नाही, जुना तुटवडा उघडा पाडला. आणि ढासळल्यावर पहिली गोष्ट सैल झाली ती थकव्याविरुद्धचे कलम. अडकलेल्या प्रवाशांची अवस्था बघून सरकारला दुसरा मार्ग सुचला नसेल, हे मी समजू शकतो. पण यातून प्रत्येक कंपनीने जो धडा घेतला असेल त्याची काळजी वाटते: तयारी केली नाही तरी चालते, गोंधळ पुरेसा मोठा असला म्हणजे सूट मिळते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सामान्य प्रवाशाच्या बाजूने येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केल्यापासून या देशात विमानप्रवास हा श्रीमंतांचा हक्क उरला नाही. आईच्या आजारपणासाठी बंगळूरहून नागपूरला एका दिवसात पोहोचणारा तरुण, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून मुलाकडे निघालेले सोलापूरचे आई-वडील हे सगळे स्वस्त तिकिटामुळे शक्य झाले. वैमानिकांच्या सोयीसाठी हे तिकीट महाग करायचे का? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे. समजा, कॅप्टनचा महिन्याचा खर्च सहा लाख आणि को-पायलटचा अडीच लाख धरला, आणि दोघे महिन्याला सत्तर तास उडतात असे मानले. म्हणजे दोघांचा मिळून तासाचा खर्च बारा हजारांच्या थोडा वर. मुंबई-दिल्ली हे दोन तासांचे उड्डाण, विमानात दीडशे प्रवासी. दर प्रवाशामागे कॉकपिटचा खर्च सुमारे एकशे साठ रुपये. रोस्टर मोकळे करायला पंधरा टक्के जास्त वैमानिक ठेवले, तर प्रत्येक तिकिटात पंचवीस रुपयांच्या आसपास भर पडेल. हा माझा ढोबळ हिशेब आहे. आकडे वरखाली करून पाहावेत, उत्तर शंभराच्या आतच राहील. विमानतळावर एका चहाला यापेक्षा जास्त पडतात. तिकीट स्वस्त असते ते एकाच प्रकारच्या विमानांच्या ताफ्यामुळे, भरलेल्या आसनांमुळे, विमाने जास्त तास उडवल्यामुळे. भारतात सर्वांत मोठा खर्च इंधनाचा आहे. वैमानिकाची झोप काटून वाचणारी रक्कम त्यापुढे किरकोळ ठरते.

आणि हे केवळ कागदी गणित नाही. स्वस्त विमानसेवेचा आदर्श मानली जाणारी अमेरिकेतली साउथवेस्ट ही कंपनी अनेक दशके भक्कम कामगार संघटनांसह चालत आली आणि २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षे नफ्यात होती. युरोपात रायनएअरने तीन दशकांहून अधिक काळ वैमानिकांच्या संघटनांना मान्यता नाकारली. तिचे कित्येक वैमानिक एजन्सीमार्फत, स्वयंरोजगारी म्हणून काम करत. सप्टेंबर २०१७ मध्ये रजांचे नियोजन फसले आणि हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. डिसेंबरमध्ये संपाच्या छायेत कंपनीने पहिल्यांदा संघटनांशी बोलण्याची तयारी दाखवली. २०१८ च्या उन्हाळ्यात काही देशांत संपही झाले. त्यानंतर कंपनी बुडाली का? मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तिने वीस कोटी प्रवासी नेले, आणि युरोपात आजही स्वस्त तिकीट म्हटले की तिचेच नाव पुढे येते. वैमानिकाशी सामूहिक करार करणे आणि स्वस्त तिकीट विकणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. त्या नांदू शकत नाहीत हा दावा ज्यांना करायचा आहे, त्यांनी तो पुराव्यानिशी करावा.

दुसरा आक्षेप कायद्याचा जाणकार घेईल. कॅप्टनला अधिकार आहे, तो थकला असेल तर त्याने उडू नये, कायदा त्याच्या पाठीशी आहे. खरे आहे. उलट, थकलेल्या अवस्थेत उडणे हाच नियमभंग आहे. पण हा अधिकार वापरणाऱ्याचे पुढे काय होते, हे पाहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. आजारपणाची रजा घेतली तर तास बुडतात. थकव्याचा अहवाल दिला तर तो ‘मान्य’ होईल का, याची खात्री नसते, आणि मान्य न झाल्यास तीच रजा स्वतःच्या खात्यातून जाते. वारंवार अहवाल देणाऱ्याचे नाव लक्षात राहते. बेस बदलणे, कॅप्टनपदाची बढती, पुढचे प्रशिक्षण यांचे निर्णय ज्यांच्या हातात असतात, त्यांच्याच टेबलावर ही माहिती पोहोचते. कोणी उघड धमकी देत नाही, द्यायची गरजच पडत नाही. २०२२ मध्ये सेफ्टी मॅटर्स फाउंडेशनने ५४२ भारतीय वैमानिकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ६६ टक्क्यांनी कबूल केले की, सहकाऱ्याला न सांगता किंवा नकळत त्यांना कॉकपिटमध्ये डुलकी लागली आहे. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांची ही संख्या संपूर्ण व्यवसायाचे चित्र मानता येणार नाही, कारण ज्यांना त्रास होतो तेच जास्त बोलतात. तरीही शेकडो प्रशिक्षित माणसे असे लिहून देत असतील, तर अधिकार कागदावर असणे आणि तो बजावता येणे यांतले अंतर मोठे आहे, एवढे नक्की.

मग नोकरी सोडावी, असे कोणी सुचवेल. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीकडे जात असतील तर सोडून जायला जागा किती उरते, हा पहिला प्रश्न. दुसरा नोटीस कालावधीचा. २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला राजीनाम्यानंतर एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने काम करावे लागते. २०२३ मध्ये काही डझन वैमानिक नोटीस न पाळता गेले तेव्हा अकासा एअरने त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कंपनीची बाजू समजण्यासारखी होती. वैमानिक एका रात्रीत निघून गेले तर त्यांची उड्डाणे रद्द होतात आणि प्रवासी रस्त्यावर येतो. नोटीस हवीच, यावर माझा वाद नाही. पण वर्षभराची नोटीस ही सार्वजनिक हितासाठी आहे, असे म्हणायचे असेल, तर तिची दुसरी बाजूही तितकीच भक्कम हवी. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लगेच उड्डाणे बंद केली. तेव्हा वैमानिकांना कोणी वर्षभराची सूचना दिली नव्हती, थकलेल्या पगारासाठीही त्यांना वाट पाहावी लागली. कोविडच्या काळात, २०२० च्या एप्रिल-मे मध्ये, एका कंपनीने मालवाहू उड्डाणे करणाऱ्यांनाच तासांनुसार पैसे दिले, बाकीच्या वैमानिकांना पगारच नाही. संकट आले की पूर्ण जोखीम माणसाची, भरभराट असली की त्याला वर्षभर बांधून ठेवायचे, हा सौदा बरोबरीचा नाही.

वैमानिकांचा तुटवडा आहे, तेव्हा बाजारच त्यांना चांगल्या अटी मिळवून देईल, असेही म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. अमेरिकेत २००९ च्या बफेलो अपघातानंतर प्रादेशिक कंपन्यांतल्या को-पायलटच्या पगाराची चर्चा झाली. त्या विमानातल्या को-पायलटचा वार्षिक पगार सुमारे सोळा हजार डॉलर असल्याचे सांगितले गेले आणि ती रात्रभर विमानातून प्रवास करून ड्यूटीच्या शहरी पोहोचली होती. पुढे विश्रांतीचे नियम बदलले, आणि तुटवडा आल्यावर पगारही कित्येक पटींनी वाढले. पण तुटवडा काय वाढवतो हे नीट पाहा. कंपनीला तातडीने जास्त तास हवे असतात, म्हणून ती तासाचा दर, जादा उड्डाणाचा भत्ता, रजा विकण्याचा मोबदला वाढवते. नकाराची किंमत त्यामुळे आणखी चढते. ज्याचा हप्ता अडला आहे तो जास्तीचे तास घेतो. पगार वाढतो आणि विश्रांती घटते, दोन्ही एकाच वेळी. बाजाराने माणसाच्या झोपेचे मोल ठरवायचे म्हटले, तर ते त्याच्या गरजेइतकेच ठरते. मागे बसलेल्या दीडशे जणांच्या जिवाचा त्या सौद्यात हिशेब नसतो. म्हणूनच विश्रांतीची मर्यादा ही वाटाघाटीची बाब असू नये.

मला हवे असलेले बदल फार मोठे नाहीत. पगाराचा ठरलेला भाग एवढा असावा की थकव्यामुळे गमावलेल्या दिवसाने हप्ता बुडू नये. तास मोजताना ब्लॉकबरोबर ड्यूटीचाही विचार व्हावा. विमान जमिनीवर अडकले तर त्या वेळेचे पैसे कंपनीने द्यावेत, म्हणजे उशीर टाळण्यात तिचाही स्वार्थ राहील. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने उचलावा आणि त्याबदल्यात मर्यादित, न्याय्य बॉण्ड घ्यावा. रात्रीच्या नियमांना सूट द्यायची वेळ आली, तर आधी कंपनीने उड्डाणे कमी करावीत, मग सूट मागावी. आणि २०२४ च्या नियमांनीच एक गोष्ट करून ठेवली आहे: थकव्याच्या अहवालांवर दंड होऊ नये, ते गुप्त राहावेत आणि प्रत्येक कंपनीने दर तिमाहीला त्यांचा आढावा व त्यावरची कारवाई डीजीसीएला कळवावी. हा आढावा नावे वगळून लोकांसमोर ठेवायला काहीच हरकत नसावी. किती अहवाल आले, किती मान्य झाले, किती फेटाळले, फेटाळलेल्यांचे पैसे कापले का, कोणत्या मार्गावर आणि कोणत्या वेळेच्या ड्यूटीवर ते जास्त आले, एवढे कंपनीनुसार छापावे. विमान वेळेवर किती टक्के पोहोचले याचे आकडे दरमहा प्रसिद्ध होतातच. त्याच पानावर हे आकडेही येऊ देत.